जोह्याच्या वहिनींची झोप

जोह्याच्या वहिनी ठरवून झोपायच्या. पेणच्या स्टँडवरून सकाळची रोहा गाडी सुटली की पास मांडीवर उघडा ठेवून त्या डोळे मिटत. कंडक्टर पास बघून पुढे जाई. वडखळच्या नाक्यावर कितीही हॉर्न वाजोत, शेजारणीच्या पिशवीतली कोंबडी ओरडो, वहिनी हलत नसत. नागोठण्याचा पूल आला की मात्र कोणी हाक न मारता जाग्या होत, पदर सारखा करत आणि विचारत, "कोण कोण चढला गो?"

मी तेव्हा तिशीत होते. रोह्याच्या एका कचेरीत नुकतीच लागले होते आणि घरी पेणला दोन वर्षांची मुलगी होती. वहिनी त्याच कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर. माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठ्या. त्या आधी त्यांच्या गावाहून, जोह्याहून, मिनिडोर रिक्षाने पेणला येत आणि मग माझ्याबरोबर रोहा गाडीत बसत, म्हणजे माझ्या आधी त्यांचा एक प्रवास झालेला असे. साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना जोह्याच्या वहिनीच म्हणत. हजेरीपटावरचं त्यांचं नाव मला बऱ्याच महिन्यांनी कळलं.

पहिल्याच आठवड्यात मी गाडीत रडले. मुलीला ताप होता आणि मी तिला सासूबाईंकडे टाकून आले होते. वहिनींनी एक डोळा उघडला.

"रडायचं तर नागोठण्याच्या पुढं रड. आत्ता रडलीस तर तुझी पण झोप जाईल, माझी पण."

मला रागच आला. पण नागोठणं येईपर्यंत रडू ओसरलं होतं, हे खरं.

त्यांचे नियम होते. चाकावरच्या सीटवर बसायचं नाही, कंबर जाते. जाताना उजवीकडे बसायचं आणि येतानाही उजवीकडेच, कारण ऊन दोन्ही वेळा डाव्या अंगाला येतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी महिनाभर डावीकडे भाजत होते. डबा गाडीत उघडायचा नाही. घरची भांडणं वडखळच्या आत संपवायची. आणि 'दमले' हा शब्द तर पूर्ण बंद. "एकदा म्हटलं की दिवसभर तेच तोंडात येतं," त्या म्हणत. "माझा दिवस वीस तासांचा. चार तास गाडीचे, ते मी धरतच नाय."

इतकी काटेकोर झोप कशासाठी, हे मला श्रावणात कळलं. घरच्या गणपतीचा पाट द्यायला मी त्या वर्षी एका रविवारी त्यांच्याच घरच्या मूर्तींच्या कारखान्यात गेले. आमच्याकडे मूर्ती ज्या पाटावर बसणार तो पाट आधी कारखान्यात नेऊन देतात. जोह्यात घरटी कारखाना. वहिनींच्या सासऱ्यांचा, म्हणजे आबांचा, मोठा होता. नवरा साच्यातून मूर्ती काढायचा, धाकटी जाऊ सुरेखा रंग भरायची. आणि एका कोपऱ्यात, खिडकीच्या उजेडात, बुटक्या स्टुलावर वहिनी बसल्या होत्या. मी ओळखलंच नाही त्यांना. कचेरीत वाकून बसणारी बाई इथे ताठ होती. हातात बारीक ब्रश. श्वास रोखून त्यांनी एका मूर्तीच्या पांढऱ्या डोळ्यावर एकच रेघ ओढली, ब्रश उचलला, मग श्वास सोडला. तोवर तिथे रंगवलेलं प्लास्टर होतं. रेघ पडली आणि कोणीतरी माझ्याकडे बघायला लागलं.

डोळ्यांची आखणी हे कारखान्यातलं शेवटचं आणि सगळ्यांत मानाचं काम. आबांनी ते स्वतःच्या मुलांना न देता सुनेला दिलं होतं. नवऱ्याला, दिराला वाईट वाटलं असणार. पण गिऱ्हाइकं डोळे बघून मूर्ती उचलत, त्यामुळे कोणी बोललं नाही. जूनपासून गणपतीपर्यंत वहिनी कचेरीतून घरी आल्यावर रात्री दिव्याखाली आणि रविवारी दिवसभर आखणी करत.

"हात हलला तर देव चकणा होतो गो," त्या ब्रश धूत म्हणाल्या. "म्हणून गाडीत झोपते. सकाळी झोपले की रात्री हात स्थिर राहतो." आणि मग, माझ्याकडे न बघता, "नोकरी पोटाची. आखणी माझी."

मग महामार्ग खणायला घेतला. दीड तासाचा रस्ता अडीच तासांचा झाला, कधी तीन तासांचा. वडखळला गाडी उभी राहिली की ड्रायव्हर इंजिन बंद करून खाली उतरे. पुढे खड्डे असे, की डोकं टेकलं तर कपाळावर टेंगूळ. वहिनींची झोप पहिल्यांदाच मोडली. त्यांनी हार मानली नाही. घरून जुना टॉवेल आणला, खिडकीच्या दांडीला झोळीसारखा बांधला आणि त्यात डोकं ठेवून बसल्या. मागच्या सीटवरची कॉलेजची पोर खिदळली, "काकी, फास लावून घेता काय?"

"फास नाय गो, रिझर्व्हेशन हाय," वहिनी म्हणाल्या. सगळी गाडी हसली. पण टॉवेलातही झोप लागत नव्हती. मी शेजारी होते, मला दिसत होतं. डोळे मिटलेले आणि पापण्या थरथरत असलेल्या. नागोठण्याच्या पुलावर आता त्यांना जागं व्हावंच लागत नसे.

मी म्हटलं, "सोडा की नोकरी."

"गणपती वर्षातून एकदा येतो. पगार बारा वेळा," त्या म्हणाल्या. नवऱ्याला प्लास्टरच्या धुळीने दम लागायला लागला होता. मुलगी पनवेलला नर्सिंग शिकत होती. पेन्शनला अजून वर्षं होती. त्यांनी बिनपगारी रजा मागून पाहिली. गणपतीच्या आधी कोकणातल्या कचेरीत रजा कोणाला नको असते? साहेबांनी सगळ्यांचे अर्ज एकाच उत्तराने परत केले.

त्या वर्षी मूर्ती बघायला मी रविवारी जोह्याला गेले, तेव्हा मुंबईचा व्यापारी माल उचलायला आला होता. फळीवर मोठ्या मूर्तींची रांग होती, आखणी झालेली. तो एकेक बघत गेला आणि थांबला.

"आबा, राग मानू नका. पण हे गणपती पेंगलेत."

कोणी हसलं नाही, कारण ते खरं होतं. प्रत्येक मूर्तीची वरची पापणी जरा खाली आली होती. रेघ कुठे चुकली नव्हती, हललीही नव्हती. सुबक, सारखी, आणि झोपाळू. गाडीत माझ्या शेजारी जो चेहरा असे तोच फळीवर ओळीने मांडला होता. वहिनींनी आठवडाभर हे डोळे काढले होते आणि त्यांना ते दिसलं नव्हतं.

आबा उठले, चष्मा लावून रांगेपुढून एकदा चालत गेले. मग म्हणाले, "हात बरा हाय गो तुझा. पण डोळा गाडीतच राहिलाय." त्यांनी पांढरा रंग मागवला आणि एकेका मूर्तीचे डोळे पुन्हा पांढरे करत गेले. रांग संपेपर्यंत वहिनी तिथेच उभ्या होत्या. मग आबांनी बारीक ब्रश सुरेखाच्या हातात दिला. सुरेखा रडायला लागली.

"रडतेस काय?" वहिनी तिला म्हणाल्या. "बस इथं. पापणी बाहेरून आत ओढायची, आतून बाहेर नाय."

सोमवारी गाडीत टॉवेल नव्हता. वहिनी डोळे उघडे ठेवून बसल्या होत्या.

"झोपा ना," मी म्हटलं.

"आता झोपून काय करू?"

पुढे त्या गाडीत कधी झोपल्या नाहीत.

एक वाट उरली होती. आमच्याच खात्याच्या पेणच्या कचेरीत एक जागा रिकामी झाली. आम्ही दोघींनी बदलीचे अर्ज केले. पेणला बदली म्हणजे वहिनींचे रोजचे चार-पाच तास सुटले असते, झोप परत आली असती आणि ब्रशही परत मागता आला असता. अक्षर त्यांचं चांगलं, म्हणून माझा अर्जही त्यांनीच लिहिला, जेवणाच्या सुट्टीत.

"कारण काय लिहायचं?" मी विचारलं.

"लहान मूल. साहेबांना मूल कळतं."

"आणि तुमच्यात?"

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "माझ्यात काय लिहू? देवाचे डोळे बिघडतात म्हणून?" त्यांनी 'कौटुंबिक अडचण' असं लिहिलं. त्या वर्षी निम्म्या अर्जांत तेच असणार.

बदली माझी झाली. मी ती घेतली. मी नाकारली असती तर जागा वहिनींना मिळाली असती की नाही, ठाऊक नाही. मी विचारायलाही गेले नाही. मुलगी शाळेत जायला लागली होती आणि मला घरी जायचं होतं. रोह्यातल्या शेवटच्या दिवशी मी काहीतरी बोलायला गेले, तर त्यांनी हात वर केला. "गप. जाशील तिथे पंख्याखालची खुर्ची धर. पहिल्या दिवशी धरलीस तरच मिळते."

मी धरली. अजून त्याच खुर्चीवर आहे.

वहिनी पुढे सात वर्षं रोह्याला जात राहिल्या. निवृत्त झाल्या त्या पावसाळ्यात मी जोह्याला त्यांना भेटायला गेले. आबा गेले होते. खिडकीपाशी बुटक्या स्टुलावर सुरेखा होती. वहिनी दाराजवळ पोत्यावर बसून पॉलिश पेपरने मूर्तींचे कान घासत होत्या. जागरणांनी चेहऱ्यावर आलेली सूज उतरली होती. झोप चांगली लागते, म्हणाल्या.

मी म्हटलं, "आता वेळच वेळ आहे. आखणी पुन्हा घ्या की."

"गिऱ्हाइकाला आता तिच्या डोळ्यांची सवय हाय," त्या म्हणाल्या. "आणि तिने पण दिवस घालवलेत त्यात. मी सुटले म्हणून तिला उठवू?"

तेवढ्यात सुरेखाने हाक मारली, "ताय, बघ गो, जमलाय काय?" वहिनी जागच्या उठल्या नाहीत. त्यांनी मान वळवून दारातूनच पाहिलं. मला तरी तो डोळा चांगलाच वाटला होता.

"डावा अजून केसभर उघड," त्या म्हणाल्या.

सुरेखाने ब्रश टेकवला. वहिनींनी श्वास रोखला, रेघ संपेपर्यंत रोखून धरला, आणि मग पुढचा कान घासायला घेतला.