नराची मादी करणारी आमची लॅब

लॅबच्या रजिस्टरमध्ये तारीख, वजन आणि निकाल लिहायचा असतो. बाकी जे घडतं त्याला रकानाच नसतो, म्हणून ते माणसांपाशी साठत जातं. रायपूरच्या बाहेर, अभनपूरच्या रस्त्याला आमची झिंग्यांची लॅब होती. सहा टाक्या आणि तीन माणसं: मेश्राम मॅडम, टाक्या सांभाळणारे साहू भैया आणि मी. लॅब बंद होऊन दोन वर्षं झाली. परवा साहू भैयांचा फोन आला आणि आम्ही तासभर नुसते हसत होतो.

* * *

माझा पहिला दिवस. मॅडमनी तळहातावर एक बारका झिंगा ठेवून विचारलं, "सांग, नर का मादी?"

मी एमएस्सी फर्स्ट क्लास! ठणकावून सांगितलं, "नर मोठे असतात. हा लहान आहे, म्हणजे मादी."

मॅडमनी भिंग पुढे केलं. मादीचं जननछिद्र तिसऱ्या पायापाशी असतं, नराचं पाचव्या. याचं पाचव्याच पायापाशी होतं!

"मोठे नर दाबून ठेवतात म्हणून वाढला नाही बिचारा," मॅडम म्हणाल्या. "पण म्हणून तू त्याले बाई काहून करून राहिली? ते काम माझं हाय!"

* * *

आणि खरंच ते त्यांचं काम होतं. झिंग्यांत नर जास्त वाढतात, म्हणून तळ्यावाल्यांना सगळे नरच हवे असतात. नराच्या पाचव्या पायाच्या मुळाशी एक ग्रंथी असते. नरपण देणारा हार्मोन तिथे तयार होतो. अगदी कोवळ्या वयात ती काढली, तर तो मादी होऊन वाढतो, अंडीसुद्धा देतो. गुणसूत्रं मात्र नराचीच. आई-बाप दोघंही मुळात नर, त्यामुळे त्या अंड्यांतून निघतात सगळे नर!

एकदा भर दुपारी, असं ऑपरेशन नुकतंच झालेलं, आणि लाइट गेली. टाकीत हवा सोडणारे पंप बंद. आम्ही मगांनी पाणी वर उचलून ओततोय. मॅडमनी वीज ऑफिसला फोन लावला, "भैया, अभी-अभी ऑपरेशन हुआ है! अठारह पेशंट ऑक्सीजन पर हैं!"

दहा मिनिटांत लाइट आली. मागोमाग लाइनमन धापा टाकत आला. टाकीत वाकून बघत राहिला. "मैडम, ये तो झींगा है!"

"हाँ," मॅडम म्हणाल्या, "पर सीरियस हैं."

* * *

एका सकाळी माझी लाडकी झिंगी टाकीच्या तळाशी पडलेली. हालचाल नाही. मी तिथेच रडायला लागले. तीन महिने जपली होती तिला!

मला नोनी, म्हणजे पोरी, म्हणणाऱ्या साहू भैयांनी जाळीने तिला उचललं. आत काहीच नव्हतं, नुसतं कवच. मग कोपऱ्यातल्या पाइपकडे बोट दाखवलं. बाई तिथे लपून बसलेली, कोरी करकरीत.

"नोनी, मरे नइ हे. कपड़ा बदले हे!"

* * *

चौबे कॉलनीत आमच्या घरी मला बघायला पाहुणे आले होते. मुलाच्या आईने विचारलं, "पोट्टी काय काम करते?"

बाबा रेल्वेतले, बोलायला मोकळे. अभिमानाने म्हणाले, "नराची मादी करते!"

मुलाच्या आईने पोह्यांची बशी खाली ठेवली. तेवढ्यात मुलगा मला म्हणाला, "उलटा भी होता है क्या?"

मी म्हटलं, "हो. कोवळ्या मादीत तीच ग्रंथी बसवली तर होतं."

"फिर ठीक है," तो म्हणाला. "बराबरी है."

अजून मराठीत विचारलं की हिंदीतच उत्तर देतो. आमच्या लग्नाला बारा वर्षं झाली.

* * *

मॅडमच्या रिटायरमेंटला पंधरा दिवस उरले होते. आधीच्या दोन खेपा फसलेल्या. सात नंबरची झिंगी, म्हणजे जन्माने नर, तिची पिल्लं आता तपासण्याएवढी झाली होती. त्या दिवशी मॅडमनी आपल्या आईलाही आणलं होतं. आजी पंच्याऐंशीच्या. त्यांना पाच मुली, मॅडम सगळ्यांत धाकट्या. मुलगा झाला नाही म्हणून सासूने शेवटपर्यंत आजींच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं.

मी भिंगातून बघून सांगत होते, मॅडम लिहीत होत्या. "नर. नर. नर." तासाभराने शेवटचं पिल्लू उचललं. "नर!" साहू भैयांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"आई, एकही मादी नाही! सगळे पोट्टेच!"

आजी काठी टेकत त्या झिंगीच्या टाकीपाशी गेल्या. वाकून आत डोकावल्या. मग काचेवर हात ठेवून म्हणाल्या,

"बिचारी! इच्यासंगं बोलाले एक तं पोट्टी पाह्यजे होती."