तानूआक्कांच्या खाणावळीचा समारंभ

तानूआक्का माणसं आवाजावरून ओळखत. चेहऱ्यावरून त्यांना एकही गिऱ्हाईक ओळखता आलं नसतं, कारण निपाणीतली त्यांची खाणावळ पंचवीस वर्षं चालली तरी त्या स्वयंपाकघराच्या दाराबाहेर कधी आल्या नव्हत्या. बाहेर कोणी खोकलं की चुलीपुढून मला सांगायच्या, "चिकोडीचा गाडीवान आलाय. चार भाकरी टाक." मी त्यांच्याकडे भाकऱ्या थापायला होते. तो गाडीवान कानडी. जेवताना "साकु, साकु", म्हणजे पुरे, पुरे, असं ओरडायचा. आक्का आतून वाढप्याला म्हणायच्या, "त्याचं साकु खोटं हाय. आजून अर्धी वाढ." आणि तो ती अर्धी मुकाट्याने खायचा.

खाणावळ आक्कांच्या मालकांनी काढलेली. महिन्याभरातच ते तापाने गेले तेव्हा आक्का तिशीच्याही आत होत्या. धाकटे दीर बाहेर बसू लागले. त्यांना सगळे अप्पा म्हणत. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "वैनी, रांधायचं तुमी, पण बाहेर यायचं न्हाय. विधवा बाई समोर दिसली तर लोक पानावरनं उठतील." आक्कांनी ते पाळलं. फक्त कधीतरी पीठ मळता मळता म्हणायच्या, "एवढ्यांना खायला घातलं, त्यांची तोंडं कशी असत्यात गं? एकदा बघायला मिळाली तर बरं." मी मान हलवायचे. त्यापुढे बोलायचं धाडस मला कुठलं?

खाणावळीला पंचवीस वर्षं झाली तेव्हा तंबाखूच्या वखारवाल्यांनी आणि दलालांनी मिळून समारंभ ठरवला. रस्त्यावर मांडव घातला, बेळगावच्या कॅम्पातून बँड आणला. आक्कांना एक दिवस तरी विसावा म्हणून आचारीही बेळगावचे. अप्पांना शाल द्यायची ठरली आणि आक्कांसाठी शहापूरचं लुगडं आत पाठवलं. आक्कांनी काठावरून बोट फिरवलं. म्हणाल्या, "झ्याक हाय. पण मी आज करू काय? नुसती बसू?"

लुगडं नेसून त्या दाराच्या फटीशी पाटावर बसल्या. फटीतून पागोटी आणि पाठी तेवढ्या दिसत होत्या. "सगळ्यांच्या पाठीच गं," म्हणाल्या आणि हसल्या. ते हसू मला बघवलं नाही.

एका मास्तरांनी मानपत्र वाचलं. फार अवघड होतं, संस्कृतही होतं. आक्कांनी मला कोपराने ढोसलं.

"तू चौथी शिकलीस न्हवं? ह्यात आमटीचं काय हाय का न्हाय?"

"न्हाय, आक्का."

"मग जेवलाय कवा हा मास्तर हितं!"

अप्पांच्या खांद्यावर शाल पडली, टाळ्या झाल्या, पंगत बसली. पुऱ्या, मसालेभात, जिलबी. तेवढ्यात आक्कांनी मान वर केली. बाहेर वाढपी कोणाला तरी विचारत होता, "का हो, जेवत न्हाय?" आणि उत्तर आलं, "पोट भरलंय रं."

ते शिवाप्पा दलाल, पहिल्या वर्षापासूनचं गिऱ्हाईक.

"खोटं बोलत्यात," आक्का पुटपुटल्या. "दात कुठं हायत त्यांना? गार पुरी तुटंल व्हय?"

शिवाप्पांनी हे कधी सांगितलं नव्हतं. पण त्यांच्या ताटात भाकरीचे काठ उरून परत येऊ लागले, तेव्हापासून आक्का त्यांची भाकरी आतच आमटीत कुस्करून पाठवत. आमच्या न्याहारीतली भाकरी-आमटी शिल्लक होती. आक्कांनी ती भराभर कुस्करली आणि वाडगा माझ्या हातात दिला. बाहेर एवढे पुरुष. मी दाराशीच अडले. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, वाडगा काढून घेतला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि दार ढकललं.

बँड थांबला. अप्पा उठून उभे राहिले. आक्का पंगतीच्या मध्यापर्यंत गेल्या आणि थबकल्या. आवाज पाठ होता, पण त्यातला माणूस कोणता ते कळेना.

"शिवाप्पा कोण तुमच्यात?"

एका लहानखुऱ्या म्हाताऱ्याने हात वर केला. "मीच की, आक्का."

"तुमीच व्हय? आवाजावरनं मला वाटलं हुतं, पैलवान असशीला!"

अख्खी पंगत हसली. पानावरून कोणीही उठलं नाही. उलट सगळीकडून गलका सुरू झाला, "आक्का, मी कोण, सांगा!" आक्का एकेकाचं ऐकत, तोंडाकडे नीट बघत सांगू लागल्या. "तू कांद्याबिगर घास न गिळणारा. आन् तू, बायकोशी भांडलास की दोन भाकरी कमी खातोस." तो मनुष्य कानापर्यंत लाल झाला. शेजारचे त्याच्या पाठीवर थापा मारू लागले.

मग सगळ्यांच्या नजरा अप्पांकडे वळल्या. ते शाल सावरत उभेच होते. घसा खाकरून म्हणाले, "वैनी, आलाच हाय तर जिलबी वाढा. लोकं खोळंबल्यात."

आक्कांनी परात उचलली. त्या दिवसापासून त्या बाहेर येऊन वाढू लागल्या.

तोवर जेवणासाठी थांबणाऱ्या कोल्हापूरच्या मोटारीतल्या बायका खाणावळीत पाऊल टाकत नसत. पुरुष आत जेवत, बायका मोटारीपाशी उपाशी बसत. समारंभानंतर पंधराएक दिवसांनी एक तरुण बाई कडेवर पोर घेऊन दारात उभी राहिली. आत पुरुषच पुरुष. ती मागे वळणार, तोच तिला वाढणाऱ्या आक्का दिसल्या.

"ये गं बाई, आत ये. भाकरी गरम हाय."

ती बसली खरी, पण पोर तिला जेवू देईना. आक्कांनी ते उचललं आणि थेट अप्पांच्या मांडीवर ठेवलं. "धरा जरा. तिला निवांत जेवू द्या."

अप्पांनी ते दोन्ही हातांनी धरलं. पोर त्यांच्या मिशा ओढत राहिलं आणि त्या बाईने तिसरी भाकरी मागितली.