एफी गेमलचे होडीवाले

दुसऱ्या महायुद्धाच्या त्या वर्षांत कोणती खास तुकडी सरस यावर लंडनच्या साहेबांचं काय मत होतं कोण जाणे. स्कॉटलंडात क्लाइडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावात मात्र तो निकाल बायका लावायच्या. या तुकड्यांना बराकी नव्हत्या. जवानानं गावात खोली शोधायची, घरमालकिणीच्या हातचं खायचं आणि सकाळी कवायतीला हजर व्हायचं. त्यामुळे कोण किती पाण्यात आहे हे सेनापतीच्या आधी घरमालकिणीला कळायचं.

एफी गेमल ही त्यातली सगळ्यात कडक परीक्षक. पन्नाशीची विधवा, अंगानं काटकुळी, जिभेनं तिखट. तिच्याकडे होडीवाले राहायचे. दोघादोघांच्या कापडी होड्यांतून शत्रूच्या बंदरात शिरायचं आणि जहाजांना सुरुंग चिकटवून यायचं, हे त्यांचं काम. शेजारच्या नॅन कर्कवुडकडे कमांडो होते. कोपऱ्यावरच्या घरात विमानातून उड्या घेणारे छत्रीवाले होते, पण जिन्याच्या शेवटच्या पाच पायऱ्या ते उडी मारूनच उतरायचे, म्हणून या दोघींनी त्यांना केव्हाच बाद ठरवलं होतं.

"माझे काल तीस मैल चालून आले," नॅन कुंपणाच्या भिंतीवरून सांगायची, "आणि वर नाचायला गेले."

"ते सगळ्या गल्लीला ऐकू आलं. माझे कधी परतले ते मला सकाळी ओले मोजे बघून कळलं."

"मुकी गं तुझी माणसं. त्यांच्याशी करतेस तरी काय, विणकाम?"

"दार न आपटणारा माणूस एकदा घरात ठेवून बघ, नॅन. मग बोल."

एफीचा खरा हुकमी पत्ता वेगळाच होता. या तुकड्यांत चुकणाऱ्याला कोठडी नव्हती, आरडाओरड नव्हती. त्याच्या हातात रेल्वेचा पास ठेवायचे आणि त्याची मूळ पलटणीत रवानगी करायचे. त्याहून मोठी नामुष्की नव्हती. नॅनच्या घरातून तिघं असे गेले होते आणि त्यांच्या तारखा एफीला पाठ होत्या. तिच्या घरातून दोन वर्षांत एकही गेला नव्हता.

तिच्या सगळ्या होडीवाल्यांत विल्फ तिचा लाडका होता, आणि हे ती लपवायचीही नाही. यॉर्कशरच्या कोळशाच्या खाणीत चौदाव्या वर्षी उतरलेला हा सहा फुटी गडी. बटाट्याची साल तो इतकी पातळ काढायचा की शिधापत्रकावर घर चालवणाऱ्या एफीचं मन निवायचं. तिला तो "मा" म्हणायचा. त्याच्या होडीतला जोडीदार टॅम, ऑर्कनी बेटांवरचा कोळी, दिवसाला तीन वाक्यं बोलायचा आणि त्यातलं एक रश्शाच्या कौतुकाचं असायचं.

ऑक्टोबरात विल्फला खोकला लागला. खाणीची धूळ छातीत बसलेली, ती सर्दीबरोबर जागी झाली. डॉक्टरसमोर तो अर्धा तास खोकला दाबून धरायचा आणि घरी येऊन स्वयंपाकघरात टेबलाला धरून खोकायचा. एफी आपल्या वाटणीच्या साखरेत कांदा मुरवून त्याला पाजायची.

"मा, कॅप्टनना सांगू नका," तो एकदा म्हणाला. "मला परत पाठवतील. आयुष्यात एकदाच कुणीतरी मला निवडलंय हो."

"आधी ताटातलं गरम आहे तोवर खा," एफी म्हणाली. तो ते वचन समजला. तिनंही तसं समजू दिलं, आणि तीच तिची चूक झाली.

मोहिमेआधी प्रत्येक घरी जाऊन चहा घ्यायचा, ही कॅप्टनची पद्धत होती. डॉक्टर छाती बघतो, पण माणूस घरमालकिणीला कळतो, असं त्याचं म्हणणं. तो आला, एफीच्या खुर्चीत बसला आणि त्यानं टॅमची चौकशी केली. मग म्हणाला, "आणि विल्फ? नीट झोपतो ना?"

खोकल्याबद्दल त्यानं विचारलंच नव्हतं. नुसतं "झोपतो" म्हटलं असतं तर ते खोटंही नव्हतं. पण होडीत दोघं असतात. धक्क्याखाली होडी दडवून दोघं श्वास रोखून बसलेत आणि वर पहारेकरी उभा आहे, हे तिला लख्ख दिसलं.

"झोपतो," एफी म्हणाली. "पण खोकतो. फार खोकतो."

कॅप्टननं चहा संपवला, तिचे आभार मानले आणि तो गेला.

संध्याकाळी विल्फ आला. "तुम्ही सांगितलंत?"

"हो. मीच."

तो टेबलाशी बसला. पुढ्यातलं सगळं खाल्लं, सामान बांधलं आणि सकाळच्या गाडीनं गेला. एफी दोन दिवस दिसेल त्याच्यावर खेकसत होती. तिसऱ्या दिवशी कपडे वाळत घालताना तिला रडू फुटलं आणि तिनं ते आवरलं नाही.

मोहिमेवर विल्फच्या जागी नॅनकडे राहणारा लेन गेला. कमांडो असून होडी चालवायला शिकलेला. नॅनला आभाळ ठेंगणं झालं. "शेवटी तुझ्या होडीत माझाच माणूस लागला ना? आता सांग कोण सरस."

एफीनं मान खाली घालून ऐकून घेतलं. 

डिसेंबरात बातमी आली. होडी परतली नाही. टॅम गेला, लेनही गेला. काय घडलं ते कॅप्टनलाही माहीत नव्हतं. विल्फ असता तर तिघांचं काय झालं असतं, असा हिशेब एफी मनात मांडायची आणि दर वेळी चुकायची. भिंतीपाशी दोघी उभ्या राहायच्या, पण तुकड्यांचं नाव काढायच्या नाहीत.

फेब्रुवारीत एका शनिवारी दुपारी विल्फ रजेवर आला. एफीनं खिडकीतून त्याला पाहिलं आणि धावत दार उघडलं. तो तिच्या फाटकावरून पुढे गेला आणि त्यानं नॅनचं दार वाजवलं. एफी पायरीवरच थांबली.

"मी विल्फ," तो म्हणाला. "लेन माझ्या जागी..."

"माहीत आहे तू कोण ते. वर्षभर तुम्हा होडीवाल्यांबद्दल वाईटसाईट बोलत होते मी."

"हो. भिंतीपलीकडून ऐकू यायचं."

नॅननं दार पूर्ण उघडलं.  "रजा किती दिवसांची?"

"सहा."

"वरची खोली रिकामी आहे. लेनची. बूट काढ आणि आत ये, थंडी शिरतेय." मग मान वळवून ती एफीला म्हणाली, "आणि तू गं, तिथं काय खांबासारखी उभी? त्याला काय काय आवडतं ते मला येऊन सांग. मला कसं कळणार?"

एफी अंगात कोटही न घालता गेली.