राणीसाहेबांच्या पत्रांमागचा शेरा

मुंबईच्या विमानतळावर माझी बॅग वजनाला जास्त भरली. मी आईचं मेतकूट आणि कुळथाचं पीठ काढलं, धावत जाऊन दाराशी उभ्या आईच्या हातात दिलं, आणि झेरॉक्सचा गठ्ठा तसाच ठेवला. "असू दे, तिकडे सगळं मिळतं म्हणे," आई म्हणाली. त्या गठ्ठ्यात एका छोट्या संस्थानाच्या राणीसाहेब होत्या. त्यांची पत्रं, तीन कादंबऱ्या आणि त्यांच्यावरचा माझा अर्धवट प्रबंध.

ते २००३ साल. अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमध्ये माझा नवरा अनिरुद्ध सकाळी गाडी घेऊन ऑफिसला जायचा आणि मी अपार्टमेंटमध्ये. डिपेंडंट व्हिसावर नोकरी करता येत नाही, ड्रायव्हिंग येत नव्हतं, चालत निघावं तर फुटपाथच संपायचा. दिवसभर सोबत होती ती शंभर वर्षांपूर्वी वारलेल्या एका बाईची. शेजारची नागपूरची शिल्पा म्हणायची, "यार, त्या जुन्या राणीला सोड ना! चल, मॉलला जाऊ, मी ड्राइव्ह करते." एकदा गेले. परत आल्यावर घर जास्तच रिकामं वाटलं.

राणीसाहेब नवव्या वर्षी लग्न होऊन आल्या त्या माहेरी परत गेल्याच नाहीत. लिहायला शिकल्या त्या सासरीच. त्यांच्या कादंबऱ्यांतल्या बायका खिडकीशी बसून झुरतात, एक तर विहीर जवळ करते. पण आईला लिहिलेल्या पत्रांत एकच सूर, 'आम्ही येथे आनंदात आहोत.' प्रत्येक पत्रामागे वेगळ्या हस्ताक्षरात शेरा असे, 'पाहिले'. कारभाऱ्यांनी वाचल्याशिवाय पत्र राजवाड्याबाहेर पडत नसे. मी 'दफ्तराची पद्धत' अशी तळटीप देऊन मोकळी झाले आणि ठोकून दिलं, की राणीसाहेबांचं सासर सुखाचं होतं, दुःख काय ते कल्पनेतलं. माझ्या मार्गदर्शक बाईंनी प्रकरण पोस्टाने परत पाठवलं. समासात दोनच शब्द, 'पुन्हा वाच.' मला रागच आला.

दर रविवारी सकाळी आम्ही माझ्या माहेरी सांगलीला फोन लावायचो, स्पीकरवर. इकडे अनिरुद्ध, तिकडे आई-बाबा, काका-काकू, शिवाय शेजारच्या मावशी. सगळे कान देऊन. मी डिशवॉशरचं कौतुक सांगायचे, मागच्या झाडीत येणाऱ्या हरणांचं सांगायचे. एका रविवारी काकूंनी विचारलं, "करमतं का गं तिकडे?"

"अगदी मस्त!" मी म्हणाले, आणि स्वतःचाच आवाज मला कुठेतरी वाचल्यासारखा वाटला. पत्रातल्या राणीसाहेब अशाच बोलत होत्या. अनिरुद्ध बिचारा काही कारभारी नव्हता. पण एवढ्या हौसेने ऐकणाऱ्या माणसांना, रोज दुपारी मी रडते, हे सांगणार कसं? आणि कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझा निभाव लागणार नव्हता.

सोमवारी तो ऑफिसला गेल्यावर मी रिसीव्हर उचलला. "आई, मी एकटीच आहे. तू पण एकटीच आहेस ना? मला इथे अजिबात करमत नाही गं."

आई म्हणाली, "वाटलंच मला. लहानपणापासून तू कशालाच मस्त म्हणाली नाहीस कधी."

मी ढसाढसा रडले. ती 'परत ये' म्हणाली नाही, 'होईल सवय' असंही म्हणाली नाही. "रोज कर फोन, अशीच," एवढंच म्हणाली. पुढची चार वर्षं मी रोज केला. त्या जोरावर ड्रायव्हिंग शिकले, राणीसाहेबांचं प्रकरण पहिल्या वाक्यापासून नव्याने लिहिलं, या वेळी 'पाहिले' शेऱ्याच्या पत्रांवर नव्हे, कादंबऱ्यांवर विश्वास ठेवून. प्रबंध पूर्ण झाला.

गेल्या वर्षी आई गेली. हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी जे तिकडे भारतात राहिले आणि जे इकडे अमेरिकेत आले, ते सगळे मला घराबद्दल विचारतात. मला विचाराल तर, जिथे 'मजेत' म्हणावं लागत नाही ते घर. ते आता सांगलीत नाही, मॉरिसव्हिलमध्येही नाही.

बाबांना कमी ऐकू येतं. रविवारी ते स्पीकर लावतात, काका-काकू जवळ येऊन बसतात, आणि मी मजेत असल्याचं सांगते. मग फोन ठेवते आणि लिहायला बसते. गेल्या महिन्यात मी कादंबरी लिहायला घेतली आहे.