रिलिव्हर आल्याशिवाय

गेममधल्या बॉयलरचं पाणी कमी होईल म्हणून लग्नाच्या पंगतीतून, ताटातली जिलेबी तशीच टाकून उठणारा माणूस अख्ख्या पिंपरी-चिंचवडमध्ये एकच झाला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. पंगत ताथवड्याच्या कार्यालयात, बॉयलर निगडीला त्यांच्या घरातल्या लॅपटॉपमध्ये, आणि मामांना तिथवर पोचवायला स्कूटर माझी. वाटेत मी म्हणालो, "मामा, या गेममध्ये बॉयलर फुटत नाही हो." मागून उत्तर आलं, "फुटंपर्यंत कुठलाच फुटत न्हाई, जावईबापू. जरा रेटा गाडी."

मामा मूळचे निलंग्याकडचे. पिंपरीतल्या एका कंपनीत त्यांनी तीसेक वर्षं बॉयलर सांभाळला. कुणाच्याही घरी गेले की पाणी पिण्याआधी ते स्वयंपाकघरात शिरून कुकरची शिट्टी उचलून बघत, भोक साफ आहे ना म्हणून. आमच्या आईला याचा फार राग यायचा. पण मामा येणार असं कळलं की ती आदल्या दिवशी शिट्टी घासून ठेवायची. ड्यूटीचा त्यांचा एकच नियम होता. पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलिव्हर, येऊन काचनळीत बॉयलरच्या पाण्याची पातळी बघून वहीत सही करत नाही, तोवर बॉयलरपासून हलायचं नाही. मग घरी पाहुणे येवोत नाहीतर बाळंतपण असो.

आणि अशा माणसाची चार दिवसांची रजा नडली. रजा आमच्याच लग्नाची होती. मामा तळेगावात माझ्या वरातीपुढे नाचत होते तेव्हा कंपनीनं बॉयलर कायमचा विझवला. ते परत गेले तर निम्मा बॉयलर कापून ट्रकवर चढलेला. "माझ्याकडून कुणी ताबा घेतलाच न्हाई," हे वाक्य ते दर दिवाळीला एकदा म्हणत. माझ्यावर राग अजिबात नव्हता, तरी मी चकलीकडे बघत बसायचो.

मी चाकणला एका कंपनीत ड्रॉइंगं करतो आणि रविवारी ठोकळ्यांवर ठोकळे रचून जग उभारायचा गेम खेळतो. त्यात हौशी लोकांनी नवे भाग जोडून वाफेची इंजिनंसुद्धा आणली आहेत. एका रविवारी मामा वांगी द्यायला आले आणि स्क्रीन बघून पिशवी हातात धरून उभेच राहिले. "ह्यो बॉयलर कुणी बसवला? पाणी कुठनं घेतलंय?" महिनाभरात माझा जुना लॅपटॉप त्यांच्या घरी गेला आणि इंटरनेटवरून माझ्याच जगात, नदीकाठी, त्यांचं बॉयलर हाऊस उभं राहिलं.

पण इंजिन काही फिरेना. मामांनी ते बॉयलरपासून शिस्तीत लांब बसवलं होतं आणि आठ दिवस खपून मधे पाइप टाकली होती. वळणं घेऊन, वाफ थंड होऊन सुटणाऱ्या पाण्याला उतार देऊन. मी भीत भीत सांगितलं की इथं पाइप लागत नाही, इंजिन सरळ बॉयलरच्या अंगालाच लावायचं. मामांचा चेहरा उतरला. "वाफ काय भिंतीतनं चालत जाती का? इंजिन बॉयलरला चिकटवायचं म्हंजे सुनंला चुलीत बसवायचं झालं!" चार दिवस त्यांनी माझा फोन घेतला नाही. पाचव्या दिवशी स्वतःच बोलावलं. इंजिन चिकटवलेलं होतं, दांडा फिरत होता, चाक फिरत होतं. मामांनी चष्मा काढून पुसला. पाइप मात्र तशीच होती. का, तर बॉयलर इन्स्पेक्टर तपासायला आला तर!

आपण बाहेर पडलो की ते जग जागच्या जागी थांबतं, यावर त्यांचा कधीच विश्वास बसला नाही. त्यांनी दोनशे पानी वही आखली: वेळ, पाणी, जाळ, सही. संध्याकाळी मी चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला असताना फोन यायचा, "रिलिव्हर आला न्हाई अजून." घरी येऊन मी लॅपटॉप उघडला की ते गेममधला भोंगा वाजवत आणि फोनवर म्हणत, "पाणी बरोबर, जाळ बरोबर." मी हात धुता धुता "ताबा घेतला" म्हणून टाकायचो. पलीकडून यायचं, "तुमी बघितलं न्हाई, जावईबापू."

मग गुडघे थकले आणि लेकीनं त्यांना लातूरला न्यायचं ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी ते वही घेऊन आमच्याकडे आले. त्या दिवशी मी खरंच बघितलं. टाकी बघितली, जाळ बघितला, इंजिनाभोवती एक चक्कर मारली आणि वहीत पूर्ण नावानिशी सही केली. मामांनी ती दोनदा वाचली. "सुटली ड्यूटी," म्हणाले आणि खुर्चीत मागं रेलून बसले. इतक्या वर्षांत त्यांना असं रेलून चहा पिताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

यंदा मामा गेले. मला त्यांची आठवण येते, कुकरची शिट्टी झाली की हटकून येते. रविवारी मी नदीकाठी जातो. कशालाच न जोडलेली ती पाइप अजून तिथं आहे, मी काढलेली नाही. पाणी बघतो, जाळ बघतो, वहीत लिहितो. रिलिव्हरच्या सहीचा रकाना रिकामा राहतो. बायको जेवायला हाक मारते, आणि मी म्हणतो, आलोच. पण लगेच उठत नाही.