बोटभर मागे सरकलेली घोडी

आमचा फ्रिज हार्मोनियमच्या पांढरी पाचच्या किंचित वर घुमतो. हा शोध मला बायको गेल्यावर लागला, कारण त्याआधी घरात ऐकायला दुसरं पुष्कळ होतं. बोरीच्या शाळेत मास्तरकी करून मी निवृत्त झालो, मुलगी लांब तिच्या संसारात आहे, आणि गेली दीड वर्षं मी दिवसाला चार वाक्यं बोलतो, त्यातली दोन दूधवाल्याशी. व्हायोलिन तर उघडलंच नव्हतं. यंदा दिवाळीच्या साफसफाईत ते कपाटावरून खाली काढलं, तर एक तार तुटून गुंडाळून पडली होती.

व्हायोलिन जुनं आहे, आणि माझ्या लायकीच्या मानाने जरा जास्तच चांगलं आहे. माझ्या गुरुजींनी ते हैदराबादेत एका बँडमास्तराकडून घेतलं होतं. आत चिकटवलेल्या कागदावरची अक्षरं पुसून गेली आहेत, पण पाठीच्या लाकडावरचे पट्टे उन्हात धरले की अजून हलल्यासारखे दिसतात. ते घेऊन मी एसटीने परभणीला गेलो. तिथे एक म्हातारे कारागीर वाद्यं दुरुस्त करतात. त्यांनी तुटक्या तारेकडे बघितलंच नाही. चष्मा कपाळावर चढवून व्हायोलिन डोळ्यांसमोर आडवं धरलं, आणि मी लेकराला उपाशी ठेवल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

"मास्तर, ही घोडी इथं कोण बसवली?"

व्हायोलिनच्या पोटावर तारा ज्या पातळ लाकडी तुकड्यावर टेकतात, त्याला घोडी म्हणतात. दोन्ही बाजूंच्या नागमोडी छिद्रांना मधोमध बारीक खाचा असतात. बनवणाऱ्याने घोडीची जागा त्याच ओळीत ठरवलेली असते. खुंट्यांपासून तिथपर्यंत तारेची जी लांबी भरते, तिच्यावर बोटांचं सगळं गणित चालतं. माझी घोडी त्या खाचांच्या चांगली बोटभर मागे उभी होती.

"मीच," मी म्हणालो.

"शिकल्यालं माणूस तुमी! आत एक काडी उभी असती, तिचा आधार असतो घोडीच्या पायाला. तुमी घोडी आधारावरून काढून भलतीकडं नेली. हे बघा, वरची फळी दबायलीय. अजून वर्षभर असंच ठेवलं तर तडकल. लय जुनं लाकूड हाय, वाया जाईल. आणा, आत्ता जागेवर आणून देतो."

"नको. तार तेवढी द्या."

ते रागावले, मीही रागावलो. व्हायोलिन मी त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतलं. परतीच्या एसटीत ते मांडीवर घेऊन बसलो. घोडी पुढे आणली तर बायकोचं माझ्याजवळ जे एकच उरलं होतं ते जाणार होतं, आणि नाही आणली तर व्हायोलिन जाणार होतं.

माझी बायको गायची. शनिवारी मारुतीच्या देवळात भजन असायचं. ती गाणार, मी व्हायोलिनवर, आणि तबल्यावर गावातलाच एक शेतकरी, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. आमचे हार्मोनियमवाले मुलाकडे पुण्याला राहायला गेले, तेव्हापासून सूर माझ्याच तारांवरून धरला जायचा. तिची पट्टी काळी पाच. पन्नाशी उलटल्यावरही काळी पाचात अंतरा मोकळा लावणारी बाई सगळ्या जिंतूर तालुक्यात दुसरी नाही, असं मी सांगत सुटायचो. आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी हे ऐकावं लागे.

मग एका शनिवारी वरच्या षड्जावर तिचा आवाज फाटला. "गार पाणी प्याले ना," ती घरी येऊन म्हणाली. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच झालं. भजनी मंडळातल्या एका बाईंनी पट्टी उतरवली होती तेव्हा हिनेच हसून म्हटलं होतं, "आता त्या तळघरातून गायला लागल्यात." त्यामुळे मला वाटलं, हिला पट्टी उतरवायला सांगितली तर ही गाणंच सोडून देईल. न सांगता उतरवायचं मी ठरवलं. खुंट्या सैल केल्या असत्या तर तारांचा ढिला, घोगरा आवाज तिने पहिल्याच गजाला ओळखला असता. म्हणून मी घोडी मागे सरकवली. तार लांब झाली की सूर खाली येतो, आणि ताण मात्र पहिल्यासारखा राहतो. केसभर सरकवायची, महिनाभर थांबायचं, पुन्हा केसभर सरकवायची. तबलेवाल्याला बाजूला घेऊन सांगितलं, "तबला जरा उतरवत जा, पण तिच्यापाशी बोलू नको."

तीन वर्षांत आम्ही काळी पाचवरून अर्धा सूर उतरून पांढरी सहावर आलो आणि शेवटी आणखी अर्धा उतरून काळी चारवर. घोडी जिथे पुरेना, तिथलं थोडंसं खुंट्यांवर भागवलं. माझी बोटं लांब पडायला शिकली. ती शेवटपर्यंत गायली, मोकळी गायली, आणि तिला काही कळलं नाही. नवरा म्हणून मी फार काही केलं नसेल, पण एवढं तरी केलं, याच समाधानावर माझं दीड वर्ष निघालं होतं.

परभणीहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तबलेवाला शेतातून येताना डोकावला. मी चहा टाकला आणि न राहवून सगळी हकिकत त्याला सांगितली. घोडी जागेवर नेली तर तिच्या गाण्याची जागाच पुसली जाईल, असंही बोलून गेलो. त्याने चहा बशीत ओतला आणि तसाच धरून बसला.

"मास्तर, एक सांगू का? राग धरू नका."

"सांग."

"तुमी मला तबला उतरवायचं सांगितलं ना, त्याच्या पंधरा दिवस आधी वैनी शेताकडं आल्या व्हत्या. म्हणल्या, तबला जरा उतरवून लावा, म्हंजे हे आपोआप त्यात मिळवतील. पण मी सांगितलं असं ह्यांना बोलू नका. ह्यांना माझ्या काळी पाचचा लय अभिमान हाय, चारचौघांत सांगत असतात, मला ह्यांचं तोंड पाडायचं न्हाई." त्याने बशी खाली ठेवली. "मंग तुमी बी तेच सांगितलं. मी दोघांला बी हो म्हणलो. काय करणार?"

"आणि घोडीचं?"

"व्हायोलिन रोज कोण पुसत व्हतं? खाचा दिसायच्या न्हाईत का त्यांना? मला म्हणल्या, हे लबाडी करायलेत, पण करू द्या. आपल्याला काई माहीत न्हाई."

तो गेल्यावर मला राग आला. तिचाच आला. देवळातून घरी आम्ही दोघं चालत यायचो, तीन वर्षं, दर शनिवारी. मी मनात म्हणायचो, हिला कळलं नाही. ती म्हणत असेल, यांना कळलं नाही. अभिमान माझा होता, तो सांभाळायला ती न कळल्यासारखं करत राहिली, आणि मी समजत होतो की मीच तिला सांभाळतोय. एकदा तोंडावर 'लबाड' म्हणाली असती तर रस्त्यात पोट धरून हसलो असतो दोघं. ते हसू तबलेवाल्याच्या वाट्याला गेलं. आज घर खायला उठतं असं मी म्हणतो, पण एकटे तर आम्ही शेजारी शेजारी बसून गात होतो तेव्हाच झालो होतो.

ऊन ओसरीवर होतं तेवढ्यात व्हायोलिन मांडीवर घेतलं. नवी तार लावली, सगळ्या तारा सैल केल्या आणि घोडी दोन बोटांत धरून खाचांच्या ओळीत आणली. मागे तिच्या पायांच्या दोन फिकट खुणा राहिल्या. तारा काळी पाचला चढवून गज टेकवला, तर आवाज इतका खुला निघाला की फडताळातली वाटी झणझणली. बोटं मात्र सवयीने लांब पडत होती, प्रत्येक सूर चढा लागत होता. त्या पट्टीत गाणारं आता घरात कुणी नव्हतं. शेवटची तीन वर्षं तीही नव्हती.

मी खुंट्या पिळून खाली आणल्या, काळी चारपर्यंत, उघड उघड. तारा ढिल्या पडल्या, आवाज घोगरा झाला, होऊ दिला. मग ती बसायची त्या जागेकडे बघून मोठ्याने म्हणालो, "पट्टी उतरवलीये गं. काळी चार आहे. म्हण आता."

आणि गज तारेवर ठेवून, ती सुरुवात करेल म्हणून थांबलो.