बाटलेले बूट

मी उताणी पडले तेव्हा लुगड्याचा काष्टा सुटला होता आणि पायांतल्या बुटांची चाकं वरच्या वर फिरत होती. गर्र गर्र. आणि माणसं हसत होती. छोटे मालक हसत होते. त्यांचे मुंबईचे दोन दोस्त हसत होते. मुकादम हसत होता. एक दोस्त तर पोट धरून कापसाच्या गाठीवर बसला.

"अजून एकदा! ए बाई, ऊठ, अजून एकदा!"

मी काष्टा खोचला. उठायला गेले आणि पुन्हा बसकन पडले. डाव्या कोपरातून कळ निघाली ती थेट दातांत. तेवढ्यात मागून एक हसू आलं. बाईचं. मी मान वळवली. माझ्याबरोबर रोज एका मशीनवर उभी राहणारी गोदा पदर तोंडात कोंबून हसत होती.

मालक हसले ते मी समजू शकते. गोदा का हसली? पाच वर्षं आम्ही एका भाकरीचे दोन तुकडे करून खाल्ले होते.

वाशीमजवळचं जिन होतं ते. जिन म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. इंग्रजांचा अंमल होता. मेडशीकडून, मानोऱ्याकडून कापसाच्या गाड्या यायच्या, दिवाळीपासून होळीपर्यंत मशीनं धडधडायची. मी तिशीला आलेली. नवरा तापात गेलेला, मूलबाळ नाही. माझ्यामागे रडायला कोणी नव्हतं म्हणून मला पुढचं सगळं जमलं, असंही कोणी म्हणेल. म्हणू दे.

आम्ही गावकुसाबाहेरचे. आमच्या हातानं वेचलेला कापूस चालायचा. आमच्या डोक्यावरून आलेली सरकी मालकाच्या म्हशी खायच्या, त्यांचं दूध मालक प्यायचे. आमचा हात तेवढा चालायचा नाही. जिनाच्या फाटकात वहाणा काढायच्या, काखेत मारायच्या आणि कचेरीच्या ओसरीपुढून अनवाणी जायचं. ऊन असो की काटे असोत. रस्त्यात मालक समोरून आले की "बाजूले हो" असं ओरडायचीही गरज नसे. आम्ही आधीच नालीत उतरलेलो असायचो. सावलीसकट.

आणि अशा त्या आवारात मला बूट घालायला लावले.

झालं असं. शिमगा जवळ आला होता, हंगाम संपत आला होता, गोदाम बहुतेक रिकामं होतं. मोठं गोदाम, खाली गुळगुळीत शहाबादी फरशी. छोटे मालक मुंबईला शिकायला होते. तिथून त्यांनी चाकाचे बूट आणले. कातडी बूट, तळाला चार-चार लोखंडी चाकं. जुने आणि नवे असे दोन जोड. ते त्या फरशीवरून सुळकन जायचे, गिरकी घ्यायचे, दोस्त टाळ्या पिटायचे. मग त्यांना कंटाळा आला. मी सरकीचं टोपलं डोक्यावर घेऊन कडेकडेनं चालले होते.

"ए, टोपलं ठेव खाली. हे घाल पायात."

"मालक, मले नाई येत."

"म्हणूनच घाल म्हणतो."

आयुष्यातले पहिले बूट. आत पाय घातला तर किती मऊ वाटलं! ते मऊपण मला आठवतं याची मला आजही लाज वाटते.

तिसऱ्यांदा पडले तेव्हा ओसरीवरून मोठे मालक आले. मला वाटलं, आता पोराला रागावतील. रागावलेच.

"बूट बाटवले ना लेका! आता हे घरात आनशील काय?"

बस. एवढंच. माझ्या कोपरातून रक्त निघत होतं, ते फरशीवर पडलं होतं. मालकांनी फरशी धुवायला सांगितली. मी बूट काढले. मुकादमानं ते काठीनं माझ्याकडे ढकलले.

"घेऊन जाय. तुलेच राहू दे आता."

बूट गोमूत्र शिंपडून घेतले असते, जाळले असते, विहिरीत टाकले असते, तर मी काय करणार होते? पण बाटलेली वस्तू आमच्या अंगावर फेकायची सवय त्या लोकांची. शिळं अन्न, मेलेल्याचं लुगडं, फुटकी घागर. तसेच बूट फेकले. त्यांना वाटलं, कचरा दिला.

त्या रात्री कोपर सुजून भोपळा झालं. गोदा हळद घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. मी म्हटलं, "काहून हासली वं तू?"

तिनं हळद उंबऱ्यावर ठेवली. मग म्हणाली, "मुकादम माह्याकडे पाहून राह्यला होता. नाई हासली असती तं दुसरा नंबर माहा होता."

मी तिला घरात घेतलं. तिच्यावरचा राग तिथंच संपला. पण तो राग कुठं जाणार? तो सगळा जाऊन एका माणसावर बसला. ज्याच्या खेळापायी आमच्याच बाईला भीतीनं आमच्यावर हसावं लागलं, त्या छोट्या मालकावर. मी ठरवलं, हे हसू त्याला परत करायचं. जिथलं तिथंच. त्याच फरशीवर, त्याच्याच माणसांसमोर, आणि गोदाच्याच तोंडून.

होळीनंतर मशीनं थांबली. गोदाम झाडायला, पडकी सरकी गोळा करायला मुकादमानं आम्हा दोघींना पावसापर्यंत ठेवलं. दुपारी तो कचेरीत जेवून घोरायचा. वर पत्रा तापून तडतड करायचा, आत भट्टी. तेवढा तासभर आमचा.

बूट मला मोठे होत होते. आत कापूस कोंबला. त्यांच्याच गोदामातला! चाकांत कापसाचे तंतू गुंडाळले जायचे, ते बाभळीच्या काट्यानं काढायचे. मशीनच्या डब्यातलं एरंडीचं तेल बोटानं लावायचं. चाक कसं फिरतं, कुठं अडतं, हे काही मला कोणी शिकवायला नको होतं. सारा जन्म मशीनपाशी गेला होता.

पण उभं राहता येईना. भिंत धरली की उभी, भिंत सोडली की आडवी. ढुंगण काळंनिळं झालं. तिशीतली बाई, दोन्ही हात पसरून, गुडघे वाकवून, मेलेल्या बगळ्यासारखी! गोदा म्हणाली, "फेकून दे बापा ते. हाडं मोडून घेशील." मी शिव्या द्यायची. बुटांना, फरशीला, गोदाला, मालकाच्या सात पिढ्यांना. आणि पुन्हा उभी राहायची.

बारा-पंधरा दिवस असेच गेले. मग एक दिवस चिडून मी गोदाला म्हटलं, "ते टोपलं दे माह्या डोक्शावर."

"येडी झाली काय?"

"दे म्हणतो ना."

सरकीनं भरलेलं टोपलं तिनं माझ्या डोक्यावर ठेवलं. आणि मी उभी राहिले. भिंतीशिवाय.

पडायची ती खाली पायांकडे बघून पडत होते मी. डोक्यावर टोपलं असलं की खाली बघताच येत नाही. मान ताठ, नजर समोर, कमरेतून चाल. आठ वर्षांची होते तेव्हापासून माझ्या अंगाला हे ठाऊक. नदीवरून घागरी, रानातून मोळ्या, जिनात सरकी. ओझ्याखाली मी कधी पडलेच नव्हते. मी एक पाय ढकलला. सरकले. दुसरा ढकलला. गोदामाच्या या टोकापासून त्या टोकाला गेले, आणि एक सरकी खाली पडली नाही. गोदा तोंडावर हात ठेवून बघत राहिली.

आठ दिवस टोपलं घेऊन फिरले. मग गोदानं रोज थोडी थोडी सरकी कमी केली. मग नुसतं टोपलं. मग टोपलंही काढलं, आणि मी पडले. लगेच. दाणकन. हसूच आलं मला! ओझं नसलं तर कसं उभं राहायचं, हे आम्हाला कोणी शिकवलंच नव्हतं. ते शिकायला आणखी महिना गेला. पण शिकले. वळायला शिकले, थांबायला शिकले, नेम धरून सरळ जायला शिकले.

नेम का, ते गोदाला सांगितलं नाही.

पाऊस आला, शेतं आली, निंदणं झालं. बूट घरात पोत्यात गुंडाळून ठेवले होते. दर आठवड्याला मी त्यांना तेल लावायचे.

दिवाळीनंतर जिनाचा मुहूर्त. मशीनची पूजा, नारळ, पेढे. अकोल्याहून रेल्वेनं पाहुणे आलेले, कोणी मोटारीनं. गोदामात खुर्च्या मांडल्या होत्या. छोट्या मालकांच्या सोयरिकीचं चाललं होतं म्हणे, तिकडचीही माणसं होती. छोट्या मालकांनी नवे बूट घालून खेळ दाखवला. गिरक्या घेतल्या, एका पायावर गेले. छान जायचे ते, खोटं कशाला सांगू! मग त्यांना जुनी मजा आठवली. ती आठवणार, हे मला आठ महिन्यांपासून माहीत होतं.

मुकादम आम्हा बायांकडे आला. "चाल, मालकानं बलावलं. दोन-चार डाव पड अन् जाय. बूट हायेत ना तुह्याकडे?"

"हायेत."

सकाळीच पोतं घेऊन आले होते मी. मुकादमाच्या डोक्यात हे आलं नाही. आमच्या डोक्यात काही असेल, हेच त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

मी बूट घातले. काष्टा करकचून बांधला. फरशीवर आले आणि डगमगले. मुद्दाम. हात पसरले, गुडघे वाकवले, "अगं माय, अगं माय" केलं. पाहुणे खुदखुदायला लागले. छोटे मालक खुशीत माझ्यासमोर आले, सात-आठ हातांवर, आणि माझी नक्कल करायला लागले. पाहुण्यांकडे बघत, हात फडफडवत.

"आता पाहा हं, आता पडेल!"

मी मान ताठ केली. नजर समोर. आणि सरळ त्यांच्यावर निघाले.

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. आधी हसू गेलं. मग रंग गेला. "ए... बाजूले हो!" मी आणखी एक पाय ढकलला. "बाजूले हो म्हणतो ना! शिवशील!"

शिवेन! तेच तर. हे मला आठ महिने ठाऊक होतं. त्यांनी हात पुढे करून मला नुसतं ढकललं असतं, तरी मी उताणी पडले असते. माझ्यापेक्षा दुप्पट जोर अंगात. पण सोयऱ्यांच्या देखत, मुहूर्ताच्या दिवशी, तो हात माझ्यापर्यंत येणार नव्हता. आणि मी बाजूला होणार नव्हते.

ते मागे सरले. चाकांवर मागे, घाबरून. अंग वळवलं, पाय पायात अडकला, आणि छोटे मालक पडले. उताणे. नवे बूट वर. चाकं फिरत होती. गर्र गर्र.

मी त्यांना वळसा घातला आणि पुढ्यात येऊन थांबले. श्वास लागला होता, पण डगमगले नाही. मी हात पुढे केला.

"देऊ काय हात, मालक?"

ते बसल्या बसल्या मागे सरकले. ढुंगणावर. धोतराचा सोगा फरशीवर फरपटत. माझ्या रिकाम्या हाताला भिऊन.

आणि मागून हसू आलं. गोदाचं. या वेळी तोंडात पदर नव्हता. मग तिच्याशेजारची हसली, मग तिच्यापलीकडची. वीस-पंचवीस बाया. शेवटी खुर्चीवरच्या एका पाहुण्यालाही आवरलं नाही.

मुकादम धावत आला, पण चार हातांवर थांबला. तोही शिवणार कसा? "बूट काढ अन् नीघ इथून!"

"बूट माहे हायेत. तुमीच देल्ले."

बाहेर आवारात मुरूम होता, चाकं चालत नव्हती. मी खाट खाट पाय आपटत गेले. कचेरीच्या ओसरीवर मोठे मालक उभे होते. त्यांच्या नाकासमोरून, बूट घालून, फाटकापर्यंत गेले. वहाणा काखेत नव्हत्या. काखेत काहीच नव्हतं.

पुढं काय झालं? व्हायचं तेच. मला त्या भागातल्या एकाही जिनात काम मिळालं नाही. गोदालाही काढलं. वस्तीतल्या जाणत्यांनी मला शिव्या घातल्या. तुझ्या एकटीच्या माजापायी सगळ्यांच्या पोटावर पाय येईल म्हणाले. त्यांची भीती खरी होती, पण मी माफी मागायला गेले नाही. आम्ही दोघी मेडशीच्या रस्त्यावर गिट्टी फोडायला लागलो. माझं डावं कोपर अजून सरळ होत नाही, पण घण उजव्या हातानं चालतो.

लोक विचारतात, राग गेला का? नाही गेला. जाऊ द्यायचाही नाही मला. छोटे मालक एकदा पडले, मी तीनदा पडले होते. आणि माझी आई, तिची आई रस्ता सोडून किती वेळा नालीत उतरल्या, ते कोण सांगणार?

त्या रस्त्यावरून अजून मालकाची दोन बैलांची दमणी जाते. गाडीवान लांबूनच ओरडतो, "बाजूले व्हा!" गोदा माझ्याकडे बघते. मी घण खाली ठेवते आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहते. मान ताठ, नजर समोर. दमणी नालीच्या कडेनं जाते. रोज. आणि ज्या दिवशी ती नालीच्या कडेनं जाणार नाही, त्या दिवशीही मी तिथंच उभी असेन.